नैसर्गिक कारण

एकेचाळिसाव्या दिवशी सरकार आलं.
आकाशातून आलं, कारण पूल नव्हता;
आणि पूल का नाही हे विचारायला
आम्हाला आकाशात जाता येत नव्हतं.

केब्राडा सेकाच्या शाळेपुढे हेलिकॉप्टर उतरलं
तेव्हा त्याच्या वाऱ्याने
तीन घरांवरच्या निळ्या ताडपत्र्या पुन्हा उडाल्या.
म्हातारा एलेउतेरियो म्हणाला,
"हे दुसरं वादळ. याचं नाव काय ठेवलंय?"

इस्त्रीच्या शर्टांतली माणसं खाली उतरली.
बरोबर पाण्याच्या बाटल्यांची चार खोकी,
एक कॅमेरा, एक माईक,
आणि माईकसाठी जनरेटर.
पिवळा. कोरा. टाकी काठोकाठ.

चाळीस रात्री ज्या आवाजाकडे कान लावून बसलो
तो एका झटक्यात, एक दोरी ओढल्यावर सुरू झाला.
कुणी काही बोललं नाही.
मिग्दालिया नुसती बघत राहिली.
तिने इन्सुलिनची शेवटची कुपी
ओढ्यातल्या दगडांखाली ठेवली होती, गार राहावी म्हणून.
एका पहाटे ओढा वाढला.

साहेबांनी आकडा सांगितला.
अख्ख्या बेटावर मिळून सोळा.
फक्त सोळा, म्हणाले,
आणि देवाचे आभार मानले.

त्यांच्या पाठीशीच फळा होता.
शाळेचं छप्पर गेलं, फळा तेवढा राहिला,
आणि त्यावर एनेइदाबाईंच्या वळणदार अक्षरात
नऊ नावं.
नऊ, आमच्या एवढ्याशा वस्तीत.
पहिला वाऱ्याने गेला.
बाकीचे वारा पडल्यावर, एकेक करून,
डायलिसिसची वाट बघत,
उंदरांनी नासवलेलं पाणी पिऊन,
रस्त्यातलं झाड कापताना.
एका नावापुढे काहीच लिहिलेलं नाही.
त्याची बायको समोरच बसली होती.

सहावं नाव वेन्सेस्लाओचं. दिवस तेविसावा.

नेरेइदा उठली.
तिने दाखला उघडला; घड्यांवर फाटत आला होता.
"इथे लिहिलंय, मृत्यूचं कारण: नैसर्गिक."
साहेब म्हणाले, "नियम असा आहे बाई,
भिंत अंगावर पडून, किंवा बुडून..."
"मग वादळ काय होतं?
नैसर्गिक नव्हतं?"

साहेब म्हणाले, आमची सहानुभूती आहे.
साहेब म्हणाले, पुरावे जोडा,
अर्ज ऑनलाइन करा.

आधी कुणीतरी मागे हसलं.
मग एक शिवी आली.
मग सगळ्या डोंगराने दिल्या,
ठेवणीतल्या, आज्यांकडून आलेल्या,
चर्चच्या पायरीवरसुद्धा ज्या गिळून टाकतो त्या;
बाटल्यांचं खोकं कुणी लाथेने उलटं केलं
आणि लगेच वाकून बाटल्या गोळा करू लागलं,
कारण तहान तर होतीच.

या गोंधळात नेरेइदा चालत पुढे गेली,
मागे चाकांवरचं ते पांढरं यंत्र ओढत.
आम्हाला वाटलं, परत द्यायला आणलंय.
भाड्याचं होतं; कंपनीची तीन पत्रं आली होती,
विजेआधी.

तिने माईकची पिन उपसली
आणि यंत्राची खोचली.

बीप.
मग एक लांब फुस्स.
थांबा.
पुन्हा फुस्स.

नळीचं टोक तिने तळहातावर धरलं,
नाक नसलेल्या हवेत.
साहेब माईकमध्ये काही बोलत होते,
ओठ हलत होते,
मग तेही बंद झाले.
कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला, पुन्हा वर केला,
पुन्हा खाली.

यंत्र श्वास घेत राहिलं,
अगदी वेळेवर, ठणठणीत,
अठरा दिवस उशिरा.

एलेउतेरियोने वाकून टाकीत पाहिलं.
"सहा तासांचं पेट्रोल आहे," तो म्हणाला.

आम्ही खाली बसलो.